जहाजावरचा पाणक्या

माझ्या बाबांनी जन्मभर एकच काम केलं. समुद्राचं खारं पाणी उकळून त्याचं गोडं पाणी करायचं. नौदलाच्या एका जुन्या मालवाहू जहाजावर, सगळ्यांत खालच्या मजल्यावर, जिथे सकाळ झाली की संध्याकाळ हे घड्याळाला विचारावं लागतं, तिथे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. कागदोपत्री त्यांचा हुद्दा चांगला लांबलचक होता, एका दमात म्हणता यायचा नाही. जहाजावर मात्र तोंडावर सगळे त्यांना ‘चीफ’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘पाणक्या’.

हे नाव लाडाचं असावं असं मला लहानपणी वाटायचं. लाडाबिडाचं काही नव्हतं. दोनशे माणसांचं पाणी ज्याच्या हातात, तो कुणाचा लाडका होणार? अंघोळीचे नळ ठरल्या वेळेला बंद म्हणजे बंद. अंगाला साबण फासलेले खलाशी तसेच पंचा गुंडाळून खाली यायचे आणि दारातून बाबांच्या सात पिढ्या उद्धरायचे. बाबा मीटरवरची नजर काढायचे नाहीत. “पाच मिनिटं आधी यायचं होतं,” एवढंच. सगळं जहाज त्यांना पाण्यात पाहायचं.

घरी आले तरी तेच. वर्षातून फार तर चाळीस दिवस यायचे. मी नळ चालू ठेवून दात घासत असले की मागून एक हात यायचा, नळ बंद व्हायचा आणि बाबा आले तसे निघून जायचे. बोलणं नाही, ओरडणं नाही. मला त्या हाताचा भयंकर राग यायचा. वर्षभर नसायचं आणि आल्यावर नळ बंद करायचे, हे काय बाप असणं झालं? आमच्या घरात कप कुठल्या फळीवर असतात हे त्यांना दर वेळी नव्याने विचारावं लागे. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेला माणूस बसतो तसे ते खुर्चीच्या कडेवर बसायचे. आई आणि मी आमच्या सवयीने गप्पा मारत असायचो, आणि ते आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत हसायचे. विनोद त्यांना कळलेला नसायचा. त्यातली माणसंच त्यांना माहीत नसत.

पाणी करणाऱ्या यंत्राला ते ‘म्हातारी’ म्हणत. जहाजाहून ती वयाने मोठी. भंगारात निघालेल्या कुठल्याशा जहाजातून काढून इथे बसवलेली. फोन आला की आई विचारायची, “माझी सवत बरी आहे ना?” आणि बाबा गंभीरपणे उत्तर द्यायचे, “काल जरा कुरकुरत होती. आज बरी आहे.” म्हातारीचं दुखणं नेहमी एकच. आतल्या नळ्यांमधून वाफ जाते, भोवतीचं समुद्राचं पाणी उकळतं, आणि त्यातल्या क्षाराचा थर नळ्यांवर चढत जातो. घरी बंबात चढतो तसाच. थर जाड झाला की पाणी निम्म्यावर येतं. तो काढायचा तर पुस्तकाप्रमाणे म्हातारी पूर्ण दिवस बंद ठेवायची, थंड करायची, उघडायची आणि खरवडायची. बाबा हे काम पाऊण तासात करायचे. पान्याने तिच्या अंगावर टकटक करायचे, कान लावायचे, आणि नेमक्या क्षणी वाफ तोडून आत थंडगार पाणी सोडायचे, की थर कडाकडा फुटून गळून पडायचा. क्षण चुकला तर नळ्याच फुटायच्या. बाबांचा क्षण कधी चुकला नाही. एरवी शिव्या घालणारे खलाशीही हे कबूल करत.

मी सव्वीस वर्षांची असताना आईच्या फुप्फुसात गाठ निघाली. मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचे, अजूनही घासते. डॉक्टर म्हणाले सहा महिने, नशीब असेल तर जास्त. बाबांनी दोन महिन्यांची रजा काढली आणि आईच्या पलंगाशी येऊन बसले. बसले ते बसलेच. बोलायचं काय ते त्यांना सुचेना. आई खोकली की उठायचे, थांबली की बसायचे. शेवटी आईच म्हणाली, “जा आता कामावर. इथे बसून माझ्या श्वासांची हजेरी काय घेता?” जहाजाला तीन आठवड्यांच्या सरावाला जायचं होतं. बाबा दारात उभे राहून म्हणाले, “तीनच आठवडे. मग आलो की हलत नाही.” आई म्हणाली, “या.” तिने बोटांवर दिवस मोजून ठेवले, हे मला दिसलं.

बाराव्या दिवशी समुद्राने कुठल्यातरी लांबच्या बेटांवर लाट घातली. घरं, बंदर, रस्ते, सगळं एका सकाळीत धुऊन नेलं. बाबांचं जहाज त्यातल्या त्यात जवळ होतं. सराव तसाच टाकून ते एका बंदराला लागलं, तंबू, पीठ, औषधं, डॉक्टर असं जे मिळेल ते पोटात भरलं आणि निघालं. हे सगळं मला दवाखान्यातल्या टीव्हीवर कळलं. विमानातून घेतलेलं चित्र होतं. भुरं जहाज, वर माणसांची मुंगीएवढी धावपळ, बाजूने होड्या लोंबकळत खाली सोडताहेत. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघायला लागल्या. आईने पडल्या पडल्या बोट दाखवलं, जहाजाच्या अगदी खाली, पाण्याच्या रेषेच्याही खाली. “तिथे आहेत ते,” ती म्हणाली. “दिसायचे नाहीत.”

तिथे काय चाललं होतं ते मला पुष्कळ नंतर बाबांच्या जोडीदाराकडून कळलं. जोडीदार म्हणजे बाबांच्या हाताखालचा माणूस, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, सात वर्षं त्यांच्यासोबत त्याच खोलीत घाम गाळलेला. तो सांगायचा की बेटावरच्या सगळ्या विहिरींत समुद्र शिरला होता. भोवती पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही. बंदर मोडलेलं, म्हणून जहाज बाहेरच नांगर टाकून उभं. रबराच्या मोठ्या पिशव्या आणि कॅन भरायचे, होडीत घालायचे, किनाऱ्यावर न्यायचे, रिकामे परत आणायचे. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर दोन बाळंतपणं झाली. खलाशांच्या अंघोळी पहिल्याच दिवशी बंद झाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी पाणक्याला शिवी घातली नाही.

पहिल्या दिवशी बेटावरच्या लोकांनी ते पाणी थुंकून टाकलं. चवच नाही म्हणे, हे औषध आहे की काय! काही जण बुडालेल्या विहिरीकडेच परत चालले. शेवटी एका डॉक्टरने वाळूत उभं राहून सगळ्यांसमोर तीन ग्लास रिचवले, तेव्हा रांग लागली. हे बाबांच्या कानावर घातलं तेव्हा ते चिडले. “चव म्हणजे काय? घाणच की ती. माझ्या पाण्यात काही नाही, म्हणून तर ते पाणी.” बेट तीनशे मीटरवर होतं. जहाज तिथे होतं तितके सगळे दिवस बाबांनी ते एकदाही पाहिलं नाही. वरून फोन यायचा, “चीफ, अजून वीस टन,” आणि ते म्हातारीच्या अंगावर पान्याने टकटक करायचे. त्यांच्यासाठी ती सगळी माणसं म्हणजे टनांत सांगितलेला एक आकडा होता.

इकडे आईचं दुखणं डॉक्टरांच्या हिशेबाला न जुमानता धावत सुटलं. सहा महिने राहिले बाजूला, डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, “वडिलांना बोलावून घ्या. लवकर.” मी नौदलाच्या तळावर फोन केला. तिथे कुटुंबांचं बघणारा एक अधिकारी होता, अतिशय सभ्य. त्याने जहाजाला तातडीचा संदेश पाठवला आणि मला सगळं नीट समजावून सांगितलं. जखमींना घेऊन जहाजावरून दिवसाआड एक हेलिकॉप्टर मोठ्या बेटावर जातं. तिथे मदत घेऊन आलेली विमानं रिकामी परततात. बाबा परवा हेलिकॉप्टरमध्ये बसले तर चौथ्या दिवशी घरी. मी हे आईला सांगितलं. तिने पलंगाची बाजू बदलून घेतली, दार दिसावं म्हणून. पलंगाजवळची खुर्ची रिकामी ठेवायला सांगितली. वॉर्डात खुर्च्यांची ओढाताण असायची, तरी मी ती कुणाला नेऊ दिली नाही. त्यावर माझी पिशवी ठेवून जागा धरून बसले. दारात पाऊल वाजलं की आमच्या दोघींच्या माना वळायच्या. कधी परिचारिका, कधी डबेवाली, कधी दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो अधिकारी स्वतः आला. टोपी काखेत धरून बाहेरच्या लांब बोळात उभा राहिला.

“तुमच्या वडिलांनी तिथेच थांबायचं ठरवलंय,” तो म्हणाला. “हजारो लोकांचं पाणी त्यांच्या एकट्यावर आहे. जागा मिळत असूनही ते निघाले नाहीत. अशी माणसं आता राहिली नाहीत हो. तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे.”

मला अभिमान वाटला नाही. मला राग आला, असा की बोळातल्या भिंती हलल्यासारख्या झाल्या. माझा राग आधीपासूनच नाकावर असतो, त्या दिवशी तो डोक्यातच गेला. मी तशीच आत गेले. आईने विचारलं, “काय म्हणाले ते?”

थोडं थांबायला हवं होतं. तोंड धुवायला हवं होतं. मी म्हणाले, “येत नाहीत. तिथेच राहायचं ठरवलंय त्यांनी.”

“ठरवलंय?”

“हो. जागा होती हेलिकॉप्टरमध्ये. नाही बसले.”

आई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं.” थोड्या वेळाने म्हणाली, “ती खुर्ची दे त्या बाईंना. कधीच्या उभ्या आहेत बिचाऱ्या.” मी पिशवी उचलली आणि खुर्ची दिली. त्यानंतर ती दीड दिवस होती. औषध घे म्हटलं की घ्यायची, कूस वळवली की वळायची. दाराशी पाऊल वाजलं तर मान फक्त माझीच वळायची. तिसऱ्या दिवशी पहाटेच ती गेली.

बाबा आले तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते. दारात बॅग घेऊन उभे राहिले. मी चहा केला. कप कुठे आहेत ते त्या वेळी त्यांनी विचारलं नाही, मीच काढून दिला. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. महिनाभर राहून ते जहाजावर परत गेले, आणि तीन वर्षांनी निवृत्त होऊन कायमचे माझ्याकडे आले.

दरम्यान त्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. वर्तमानपत्रात आलं, की पत्नी मृत्युशय्येवर असताना या माणसाने तहानलेल्यांची हाक ऐकली. नौदलाने मानपत्र दिलं. शाळांमध्ये त्यांना बोलवायचे आणि मुलांना सांगायचे, कर्तव्य म्हणजे काय ते बघा. बाबा मान खाली घालून बसायचे. लोकांना तो विनय वाटायचा. मावशीने ते मानपत्र चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत टांगलं. बाबांनी आपली खुर्ची अशी लावून घेतली की चौकट पाठीमागे यावी. मला वाटलं, उजेडासाठी असेल.

दोन खोल्यांत आम्ही दोघं राहत होतो. भांडत नव्हतो, त्यासाठी बोलावं लागतं. गॅस संपलाय, पाव आणलाय, पाऊस येईलसा दिसतोय, एवढ्यात आमचे दिवस निभायचे. ते भाजी छान चिरायला शिकले होते. मी दुकानातून आले की ताट झाकलेलं असायचं आणि बाबा त्यांच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, बघण्यासारखं काही नव्हतं. ते तासन्‌तास बघायचे. मला कधी कधी त्यांची दया यायची, आणि दया आली की स्वतःचाच राग यायचा. आईला सोडणाऱ्या माणसाची कसली आलीय दया? मला लग्नाचं कुणी विचारलं नाही असं नाही. एकदा विचारलं होतं. पण ज्या माणसाला रोजच्या रोज मनातून दूषणं द्यायची त्याला एकटं टाकून जायचं कसं, हे मला जमेना. असं विचित्र होतं ते.

आई जाऊन आठ वर्षं झाली तेव्हा नौदलाने एक नवं जहाज घेतलं, खास अशा संकटांत मदतीला धाडण्यासाठी. त्यावर पन्नास खाटांचा दवाखाना, आणि पाण्याचं यंत्र असं की म्हातारीच्या चौपट पाणी एक बटण दाबून. धक्क्याजवळच्या सभागृहात समारंभ होता आणि बाबांना मानाने पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेजारी मी. पाहुण्यांचं भाषण झालं. बाबांकडे हात करून ते म्हणाले, “या माणसाने आपली पत्नी मानवतेला अर्पण केली.” टाळ्यांचा कडकडाट झाला. मागचे लोक उभे राहिले. मला वाटलं, आत्ता इथे उठावं आणि त्या पाहुण्याच्या अंगावर पुष्पगुच्छ फेकून मारावा.

बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो. चार वाजले असतील, ऊन तिरपं झालं होतं. बाबा बाकावर बसले, पुष्पगुच्छ मांडीवर. मी उभीच होते, आणि आठ वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

“अर्पण केली म्हणे! तुम्हाला काही वाटत नाही हो? तुम्ही आईला टाकलंत, आणि मला त्याच्या टाळ्या ऐकायला पहिल्या रांगेत बसवता. तुम्हाला परकी माणसं जवळची वाटली, ठीक आहे. पण निदान घरातल्या त्या खुर्चीवरून उठून एकदा तरी म्हणा ना, की मी चुकलो.”

बाबांनी पुष्पगुच्छ बाजूला ठेवला.

“मी ठरवलं नव्हतं गं,” ते म्हणाले.

“मग?”

“कप्तानाने बोलावलं. म्हणाला, चीफ, उद्या सकाळी एक जागा आहे, जा घरी. तुझा जोडीदार सांभाळेल ना म्हातारीला? मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि मग लक्षात आलं, की त्याला काही येत नाही.”

“सात वर्षं होता की तो तुमच्याबरोबर.”

“होता. पण थर फोडायची वेळ आली की मी त्याला वर पाठवायचो. जा रे, चहा आण. जा रे, स्टोअरमधून वायसर आण. तो यायचा तोवर माझं झालेलं असायचं. तिला पाणी सोडायचा एक कॉक आहे, तो उलटा बसलाय. चित्रात दाखवलाय त्याच्या बरोब्बर उलटा फिरतो. तेसुद्धा मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.”

मी बाकावर बसले. बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत बोलत होते.

“त्या दिवशी त्याला शिकवायला बसलो. सात वर्षांचं एका दिवसात. त्याचं चुकत होतं, माझा आवाज चढत होता. त्याने पाणी सोडलं ते मिनिटभर उशिरा. दोन नळ्या गेल्या, अर्धी टाकी खारी झाली. सहा तास किनाऱ्यावर एक कॅन गेला नाही. लोक रिकाम्या डब्यांनिशी वाळूत उभे होते असं वरून कळत होतं. मग कसा जाणार होतो मी? सकाळी हेलिकॉप्टर गेलं. दोन दिवसांनी पुढचं होतं. तोवर त्याला जमायला लागलं होतं थोडं. मी बॅग भरून वर गेलो, आणि कप्तानाच्या हातात तुझी तार, ती गेल्याची.”

“पण त्या अधिकाऱ्याने सांगितलं—”

“कप्तान भला माणूस. त्याने कळवून टाकलं की चीफ कर्तव्यासाठी थांबला. त्याला वाटलं माझी बाजू राखतोय. पुढे ते छापून आलं. मग कुणाकुणाला सांगत बसू?”

“का नाही शिकवलंत त्याला?” माझा आवाज माझाच मला ओळखू येत नव्हता. “एवढं काय होतं त्यात?”

एक बस आली, आमची नव्हती, गेली.

“त्या जहाजावर मला कुणी जेवायलासुद्धा हाक मारायचं नाही गं,” ते म्हणाले. “पण पाणी कमी झालं की कप्तान स्वतः शिडी उतरून खाली यायचा. म्हणायचा, चीफ, आता तूच बघ. वर्षातून पाच-सहा वेळा. जोडीदारालाही ते यायला लागलं असतं, तर माझ्याकडे कोण कशाला आलं असतं?”

कपाची फळी विचारणारा, आमचे विनोद न कळता हसणारा माणूस माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला इतकी वर्षं बघत होते. तरी एक प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवेना.

“आणि त्याला येत असतं तर?”

“तर काय? त्याच सकाळी निघालो असतो.”

“किनाऱ्यावर ती सगळी माणसं असताना?”

“त्यांना मिळालंच असतं की पाणी, त्याच्या हातचं.” ते माझ्याकडे वळले. “मला तुझ्या आईकडे यायचं होतं. मी पहिल्यापासून येतच होतो.”

आठ वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलावा तसं मला झालं, आणि त्याच क्षणी कळलं की तो उचलून कुठे ठेवलाय. ते येत होते. आणि मी आईला सांगितलं होतं, ठरवलंय त्यांनी, जागा होती, नाही बसले. त्या सभ्य अधिकाऱ्याचं चुकीचं वाक्य मी माझ्या रागाची धार लावून तिच्या हातात दिलं होतं, आणि ते घेऊन ती गेली.

बाबांना हे दिसलं नसावं. ते जरा पुढे झुकले आणि त्यांनी आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “तिला काय सांगितलं होतंस तू?”

त्यांनी आत्ताच सगळं उघडं करून माझ्यापुढे ठेवलं होतं. मीही तसंच करायला हवं होतं. पण त्यांचा तो चेहरा बघून माझ्या तोंडून निघालं ते असं:

“सांगितलं की तुम्ही निघालाय. वाटेत आहात.”

“मग?”

“मग काय? वाट बघत होती. दाराकडे तोंड करून.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

बाबांनी डोळे पुसले. खिशात रुमाल होता, तरी हातानेच पुसले. “बरं केलंस,” ते म्हणाले. “फार बरं केलंस बाळा.” मग आमची बस आली.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले, आणि सुखात जगले असं मी म्हणेन. मानपत्र त्यांनी स्वतः काढून माळ्यावर टाकलं. शाळांची बोलावणी बंद केली. जोडीदाराला पत्र लिहून त्याची माफी मागितली. तो बायकामुलांना घेऊन भेटायला आला, आणि बाबांनी त्याला म्हातारीबद्दल जे जे आठवत होतं ते दोन दिवस सांगितलं, जरी तोवर ती भंगारात निघाली होती. घरात बोलणं सुरू झालं. आईबद्दलसुद्धा. कुणी आलं-गेलं की ते सांगायचे, “मला उशीर झाला, पण मी येतोय हे तिला माहीत होतं. पोरीने सांगितलं होतं तिला.” आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचे. पहिल्या वर्षी खरं सांगून टाकावं असं पुष्कळदा वाटलं. नंतर ते त्यांच्याकडून काढून घेणं माझ्याने झालं नाही. आईबरोबरचं तेवढंच त्यांच्यापाशी होतं.

गेल्या वर्षी ते त्याच दवाखान्यात होते. शुद्ध येत-जात होती. शेवटच्या दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, “दाराकडेच बघत होती ना गं?”

“हो बाबा,” मी म्हणाले.

आता मला हे विचारणारंही कुणी नाही, आणि खरं सांगावं असंही कुणी उरलेलं नाही.